न पाहिलेल्या दिवसाचा भाव

दिवाळी सरली की नागपुरात संत्र्यांच्या हातगाड्या दिसू लागतात. आधीची फळं हिरवट असतात, देठाजवळ जरा पिवळी. मग थंडी पडत जाते तसा रंग चढतो. सोलताना सालीतून बारीक फवारा उडतो, डोळ्यांत गेला तर झोंबतो, आणि बोटांचा वास साबणानं धुतला तरी संध्याकाळपर्यंत जात नाही. बाहेरगावचे पाहुणे हा वास घेऊन खूश होतात. मी मात्र या दोन महिन्यांत गाडीवाल्याच्या पलीकडच्या बाजूनं चालतो. घरात संत्री येतात, मी खातोही. पण पहिल्या दिवसाचा तो वास आला की माझी मान आपोआप खाली जाते. आता केस पांढरे झाले, नोकरी संपली, तरी जाते.

यंदा तो वास आला त्याच दिवशी मुलीचा पुण्याहून फोन होता. ती शेअर बाजाराच्या कामात आहे. म्हणाली, "बाबा, आमच्या ट्रेडिंग प्लॅटफॉर्मची स्वतःची एक भाषा असते. मी त्या भाषेतच अख्खं न्यूरल नेटवर्क लिहिलं. बाहेरचं काही घेतलं नाही." तिच्या आवाजात जो आनंद होता तो मी ओळखला. तसाच आनंद मला एकदा झाला होता, ती जन्मायच्या आधी, संत्रा मार्केटातल्या एका अडत दुकानाच्या मागच्या खोलीत. मी तिला म्हटलं, "छान." एवढंच. तिला वाटलं, बाबांना कळलं नसेल.

सत्त्याऐंशीचा हंगाम. आंबिया बहार, म्हणजे दिवाळीच्या सुमाराला उतरणारं पीक, त्या वर्षी भरून आला होता. पहाटेपासून काटोलकडच्या, वरुडकडच्या गाड्या बाजारात शिरायच्या आणि फरशीवर ढीग लागायचे. संत्र्याच्या ढिगाला स्वतःची एक ऊब असते. थंडीत हात खुपसला तर आत कोमट लागतं. ढिगांमधून लोक वाट काढत, बोली लावत, हमाल ओरडत, कुणाचा तरी बैल शांतपणे सालं खात असे. उन्हं वर येईपर्यंत सगळं आटपायचं. मग खोके भरायचं काम, खिळ्यांचा ठकठक आवाज, आणि दुपारी एकदम सामसूम. ती सामसूम माझ्या वाट्याची होती.

कारण दुकानाच्या शेठनी कॉम्प्युटर घेतला होता. बाजारात पहिला. मुंबईच्या कुठल्याशा कंपनीनं खास अडत्यांसाठी पॅकेज बनवलं होतं: आवक टाका, बोली टाका, शेतकऱ्याच्या हिशेबाची पट्टी छापून घ्या. त्यासाठी मागची खोली रंगवली, कूलर बसवला, दाराशी पायपुसणं टाकलं. चपला बाहेर काढून आत यायचं. आणि तो चालवायला एक माणूस हवा होता. तो मी. गणितात एम.एस्सी. झालेला, चोवीस वर्षांचा, दीड वर्ष अर्ज करून थकलेला.

ही जागा मला दौलतकाकांमुळे मिळाली.

दौलतकाका शेठकडे पारखी होते. म्हणजे ढीग पाहून फळाची जात, साल, रस, टिकाऊपणा सांगायचा आणि भाव काय येईल तेही. हमाल म्हणून आले होते, तीस वर्षांत पारखी झाले. ते आणि माझे बाबा लहानपणापासून इंदोरा वस्तीतल्या एकाच गल्लीतले. छप्पन साली पांढरे कपडे घालून दोघं सोबतच दीक्षेला गेले होते आणि सोबतच नवे होऊन परतले होते, असं बाबा सांगायचे. बाबा गिरणीत लागले, काका बाजारात. काकांना सही यायची, दुकानांच्या पाट्या वाचता यायच्या, त्यापलीकडे फार नाही. पण मी एम.एस्सी. झालो तेव्हा माझी गुणपत्रिका त्यांनी हातात धरून बराच वेळ पाहिली होती. पेढीवर माणूस हवा हे कळताच ते शेठना म्हणाले होते, "आमच्या वस्तीतलं पोरगं हाय. गणितात असा पोरगा तुमाले भेटन नाई."

काका संत्रं हातात घेत, देठाजवळ अंगठ्यानं किंचित दाबत, कानाशी नेऊन हलवत, आणि परत ढिगात ठेवत. मग आभाळाकडे पाहत. मग रस्त्याकडे, ट्रक किती लागलेत ते. आणि सांगत. बागवान त्यांच्याभोवती जमत. "दौलतभाऊ, तोडू का थांबू?" हा त्या दोन महिन्यांतला बाजारातला सर्वात महत्त्वाचा प्रश्न. एकदा तोडलेलं फळ झाडाला परत लागत नाही.

माझ्याकडे त्या वेळी एक झेरॉक्स होती. आमच्या सरांनी परदेशी मासिकातल्या लेखाची काढून दिलेली, अक्षरं फिकट, दोन पानं तिरकी आलेली. मेंदूतल्या पेशी एकमेकींना जोडलेल्या असतात, तशी आकड्यांची जोडणी करायची. प्रत्येक जोडणीला एक वजन द्यायचं. उत्तर चुकलं की चुकीच्या प्रमाणात वजनं थोडी थोडी सरकवायची. आणि पुन्हा विचारायचं. असं हजारदा केलं की जाळं आपोआप शिकतं. नियम कुणी सांगावा लागत नाही. मी तो लेख इतक्या वेळा वाचला होता की तिरकी पानंसुद्धा सरळ दिसायला लागली होती.

आणि समोर होता तो शेठचा कॉम्प्युटर, ज्यात दुसरी कुठलीच भाषा नव्हती. कंपनीनं सगळं कुलूपबंद केलेलं. फक्त पॅकेजच्या पोटात एक छोटीशी भाषा होती, अडत आणि हमाली काढायची सूत्रं लिहिता यावीत म्हणून. तिला बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार यायचे. 'असं असेल तर तसं कर' एवढं कळायचं. आकडे ठेवायला ए पासून झेडपर्यंत सव्वीस खाने. बस. मी ठरवलं, या भाषेतच न्यूरल नेटवर्क बांधायचं. उद्याचा भाव सांगणारं.

ते दिवस आठवले की अजूनही अंगात काहीतरी सळसळतं, ते मी लपवत नाही. पाच गोष्टी आत जाणार: आवक, कालचा भाव, बाहेर जाणारे ट्रक, हवा, आणि पुढं सण आहे की नाही. त्या नोंदींमधूनच वाचता येत, त्यांना खाने लागत नसत. मधे तीन पेशी. प्रत्येक पेशीचं आणि उत्तराचं एकेक जास्तीचं वजन धरून हिशेब केला तर वजनं बावीस. सव्वीस खान्यांतले बावीस गेले, चार उरले. तीन पेशींना तीन, आणि एक चुकीला. नेमके पुरले! लेखात घातांकाचं सूत्र होतं, ते या भाषेला येत नव्हतं, म्हणून मी भागाकारावर भागवलं. फेऱ्या आपोआप मारायची सोय नव्हती. एक कळ दाबली की सगळ्या नोंदींवरून एक फेरी व्हायची. म्हणून मी दुपारभर ती एक कळ दाबत बसे. बाहेर खिळ्यांची ठकठक थांबलेली, आत माझी चालू. चूक हळूहळू कमी होताना दिसायची, जसं ताकावर लोणी येताना दिसतं.

पण नोंदी कुठून आणायच्या? आवक आणि भाव वह्यांत होते. धुकं कधी होतं, ट्रक किती निघाले, हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं. ते काकांच्या डोक्यात होतं. चार दुपारी ते माझ्याकडे आले. चपला बाहेर काढायचे, पायपुसण्यावर पाय पुसायचे, तरी उंबऱ्याच्या आत यायचे नाहीत. दारातच उकिडवे बसून सांगायचे.

"कोजागिरीच्या आदल्या दिवशी का? त्या दिवशी आभाळ होतं. ट्रक अकरा लागले, पण निघाले आठच. तीन डायवर जेवाले गेले, थे सांजेलेच आले."

मी टाइप करत गेलो. सत्तेचाळीस दिवस. वहीतल्या भावाशी त्यांची आठवण कुठंही भांडली नाही.

"मंग हे सगळं त्याले सांगून तू काय करून राहिला?" त्यांनी विचारलं.

"त्याला शिकवतो आहे, काका."

"शिकते का पण थो?"

"शिकतो."

ते खूश झाले. म्हणाले, "शिकव, शिकव. शिकवलं की कोनीबी शिकते."

ज्या दिवशी चूक जवळजवळ शून्यावर आली त्या दिवशी मी शेठना बोलावलं. त्यांनी मधली कुठलीही तारीख सांगायची, मी टाकायचो, आणि पडद्यावर भाव यायचा. वहीत पाहिलं तर तोच, एखाद-दोन रुपये इकडे-तिकडे. शेठच्या चेहऱ्यावरचं ते आश्चर्य! "क्या बात है," ते म्हणाले आणि मला पहिल्यांदा 'साहेब' म्हणाले. आमच्या घरात कुणाला कुणी साहेब म्हटलं नव्हतं. तो शब्द कानात गेला आणि तिथंच बसला.

दोन दिवसांनी त्यांनी दुपारी बाजारातले आठ-दहा व्यापारी आणि काही बागवान बोलावले. खोलीत माणसं मावेनात. दाराबाहेर चपलांचा ढीग झाला. एकेक जण तारीख सांगतोय, पडद्यावर हिरवे आकडे येताहेत, वही उघडली जातेय, आणि 'अरे बाप' म्हणून माणसं एकमेकांकडे पाहताहेत. काका नेहमीच्या जागी, उंबऱ्याशी. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता त्यात. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"बाबू, एक सांग. ज्या दिवसायचा भाव तू त्याले आधीच सांगून ठेवला, त्याच दिवसायचा भाव तो सांगून राहिला. न पाह्यलेल्या दिवसाचा सांगते का?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

मला उत्तर माहीत होतं. मला ते आठवड्यापासून माहीत होतं. सत्तेचाळीस दिवस आणि बावीस वजनं; एवढ्या मोकळ्या जागेत जाळं शिकत नाही, पाठ करतं. प्रामाणिक माणसानं पंधरा दिवस बाजूला काढून ठेवायचे असतात, ते जाळ्याला दाखवायचे नाहीत, आणि शेवटी त्यांवर परीक्षा घ्यायची. मी एकदा तसं करून पाहिलं होतं. उत्तरं इतकी चुकली की मी ते पंधरा दिवस मुकाट्यानं परत आत घातले. साऱ्या नागपुरात तो प्रश्न विचारू शकणारी दोनच माणसं होती: माझे सर, आणि उंबऱ्याशी बसलेला हा माणूस, ज्यानं ती झेरॉक्स कधी पाहिली नव्हती.

मी हसलो. आणि म्हणालो, "काका, हे गणित आहे. संत्रं दाबून पाहण्यासारखं नाही. तुम्हाला नाही समजणार."

सगळे हसले. शेठ तर खो-खो हसले. कुणीतरी म्हणालं, "दौलत, आता तुझी छुट्टी!" काकाही हसले, थोडं उशिरा. मग उठले, चपलांच्या ढिगातून आपल्या चपला शोधल्या आणि गेले.

'तुला नाही समजणार.' हे वाक्य माझ्या बाबांनी आयुष्यभर ऐकलं होतं. गिरणीत, कचेरीत, माझ्या शाळेच्या दारातसुद्धा. ते मला शिकवायला निघाले ते हे वाक्य आमच्या घरातून हद्दपार व्हावं म्हणून. आणि मी शिकलो, आणि पहिली संधी मिळताच ते वाक्य उचललं आणि आमच्यातल्याच माणसावर टाकलं. तेही खोटं असताना. त्यांना समजलं होतं म्हणूनच तर मी म्हणालो.

हे लिहिताना मी दोनदा उठलो. एकदा पाणी प्यायला, एकदा उगीच. माणसाच्या हातून अपघातानं काही घडलं तर त्याचं दुःख होतं आणि काळानं ते कमी होतं. शरमेचं तसं नाही. ती जुनी होत नाही. त्या खोलीचा रंग, कूलरच्या वाळ्याचा ओला वास, पडद्याचा हिरवा उजेड, सगळं तसंच्या तसं आहे, आणि त्यात माझं ते हसू.

दुसऱ्या दिवसापासून शेठनी काकांना लकडगंजच्या यार्डात पाठवलं. खोक्यांच्या फळ्या मोजून घ्यायच्या. पगार तोच ठेवला, हे शेठ मला दोनदा म्हणाले. बागवानांचा 'तोडू का थांबू' हा प्रश्न आता माझ्याकडे येऊ लागला. पहिले काही दिवस भाव कालच्यासारखाच राहिला आणि मशीनही कालच्यासारखंच सांगत राहिलं, म्हणून ते बरोबर ठरलं. लोक मला नमस्कार करू लागले.

मग एक दिवस आभाळ भरून आलं. हवेत कोंदट ओल. काटोलकडच्या गिरजाबाई दोन गाड्या माल घेऊन आल्या होत्या. नवरा गेल्यावर बारा वर्षं त्यांनी बाग एकटीनं राखली होती. कपाळ पदराखाली, आवाज खणखणीत. त्या मागच्या खोलीच्या दाराशी आल्या, आत पाहिलं, काका दिसले नाहीत म्हणून जरा थबकल्या.

"बाबू, आज इकू का दोन दिस थांबू?"

मी पाच आकडे टाकले. पडद्यावर चढा भाव आला. हवेच्या जागी मी 'आभाळ' याचा आकडा टाकला होता. पण असलं आभाळ, असली ओल त्या सत्तेचाळीस दिवसांत कधी नव्हतीच. जाळ्यानं ते पाहिलं नव्हतं. मला हे कळत होतं. शेठ शेजारी उभे होते.

"भाव चढेल," मी म्हणालो. "थांबा."

त्यांचा माल ताडपत्रीखाली ढीग घालून ठेवला. त्या संध्याकाळीच पाऊस लागला, अवेळी, आणि दोन दिवस झिमझिमत राहिला. उत्तरेकडे जाणारे ट्रक वाटेतच अडकले. इकडे गाड्या येतच होत्या, तिकडे माल निघत नव्हता. भाव निम्म्यावर आला. तिसऱ्या दिवशी ताडपत्री काढली तर आतून वाफ आली. खालची फळं मऊ, तपकिरी डागांची, त्यांचा आंबूस गोड वास. वर्षभराची मेहनत हमालांनी फावड्यानं ओढली. थोडा चांगला माल निवडून निघाला, बाकीचा सरबतवाल्यानं मिळेल त्या भावात नेला. त्या वर्षी विहिरीवर मोटर बसवायचं त्यांच्या मनात होतं. ते राहिलं.

मी दारात उभा होतो. वाटलं, त्या शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पदरानं हात पुसले आणि विचारलं, "दौलतभाऊ कुठी हाय?"

"लकडगंजला."

"काहून?"

मी पायपुसणं पायानं सरळ केलं.

"त्यायनं ढीगच घालू देल्ला नसता," त्या म्हणाल्या. माझ्याशी नाही, स्वतःशीच. आणि रिकाम्या गाडीत जाऊन बसल्या.

त्या दुपारी मी लकडगंजला गेलो. पाऊस थांबला होता. आरागिरण्यांचा आवाज, भुसा भिजून रस्त्यावर चिकटलेला, ताज्या कापलेल्या लाकडाचा ओलसर वास. काका फळ्यांच्या थप्पीवर बसले होते. दहा-दहाच्या थप्प्या, प्रत्येकीवर खडूची रेघ. मला पाहून त्यांनी हाक मारून दोन चहा सांगितले. जागा पुसून दिली. मी माफी मागायला गेलो होतो आणि हवापाण्यावर बोलत राहिलो. शेवटी त्यांनीच विचारलं.

"त्या दिवसाचं राहूनच गेलं. सांग ना गा, न पाह्यलेल्या दिवसाचा भाव सांगते का तुहं मशीन?"

"नाही काका," मी म्हणालो. "नाही सांगत. ते शिकलेलंच नाही. त्यानं फक्त पाठ केलंय."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. पेशी, वजनं, बाजूला काढून ठेवायचे दिवस. ते मन लावून ऐकत होते. आणि मग म्हणाले, "बराबर हाय. मी बी तसंच करत होतो. हमाल होतो तवा कोनी मले भाव इचारत नव्हतं. मी सकाळी ढीग पाहून मनातच भाव बोलू, आन बोली झाली की ताडून पाहू. दोन साल कोनाले सांगतलं नाई. म्हटलं, आधी आपली परीक्षा आपनच घेवावं, मंग लोकायले सांगावं."

चहाचा पेला माझ्या हातात तसाच राहिला. दोन वर्षं! त्यांनी दोन हंगाम स्वतःला तपासलं होतं, एकाही बागवानाचं एक फळ पणाला न लावता. आणि मी पंधरा दिवस बाजूला ठेवू शकलो नव्हतो.

"मी शेठला सांगतो," मी म्हणालो. "उद्याच सांगतो. तुम्हाला परत बोलवायला लावतो."

"माह्यासाठी नको सांगू," काका म्हणाले. "इथं बी बसूनच काम हाय. पण गिरजाबाईसारख्या लोकायले कोन सांगन? त्यायच्यासाठी सांग."

हे इथं संपलं असतं तर हा लेख मी केव्हाच लिहिला असता. चूक केली, कबूल केली, वडीलधाऱ्या माणसानं पोटात घातली. मुलीलाही सांगितलं असतं. लोकांना अशा गोष्टी ऐकायला आवडतात.

दुसऱ्या दिवशी मी पेढीवर गेलो तो शब्द जुळवतच. शेठ लिलाव आटपून गादीवर बसले होते, संत्रं सोलत. मी तोंड उघडायच्या आतच ते म्हणाले, "या साहेब. मुंबईच्या कंपनीचा माणूस येऊन राहिला पुढच्या हप्त्यात. म्हणे आमच्या भाषेत असं कोणी केलं, आम्हाला पाहायचं आहे. मुंबईला नेतील तुम्हाला!" त्यांनी दोन फोडी माझ्यासमोर धरल्या. आणि मग अगदी सहज म्हणाले, "एक विचारतो. त्या बाईचा माल गेला, ते काही बरं वाटलं नाही. दौलतला परत बोलावू का? तुमचं काय मत?"

इतकं सोपं होतं ते. मला काही सांगावंही लागणार नव्हतं. नुसतं 'हो' म्हणायचं होतं.

पण काका परत आले असते तर पुन्हा उंबऱ्याशी बसले असते. कंपनीचा माणूस आला असता, आणि काकांनी त्यालाही तोच प्रश्न विचारला असता.

"गरज नाही, शेठ," मी म्हणालो. "अजून काही दिवसांच्या नोंदी भरल्या की मशीन सुधारेल."

गणिताच्या दृष्टीनं हे वाक्य खोटं नव्हतं. मी ते तसं निवडूनच वापरलं होतं. शेठनी मान हलवली. फोडी गोड होत्या, मी दोन्ही खाल्ल्या.

कंपनीचा माणूस आला, अर्धा तास बसला, छापील कागद बॅगेत घालून गेला. त्याचं पत्र आलं नाही. पुढच्या बहारापर्यंत शेठचाही उत्साह ओसरला. कॉम्प्युटरवर फक्त पट्ट्या छापल्या जाऊ लागल्या, आणि बागवान पुन्हा आपापल्या अंदाजानं तोडू लागले. मी तोवर राहिलो नाही. उन्हाळ्यात हिंगण्याच्या एका कारखान्यात हिशेबनीसाची जागा मिळाली आणि कंपनीच्या बसनं जायला लागलो. काका लकडगंजलाच राहिले, गुडघे गेले तोपर्यंत. फळ्या मोजत. ते वारले तेव्हा मी खांदा दिला. त्या दिवशीही कुणाला काही सांगितलं नाही.

मुलीला आज-उद्या सांगेन. तिनं फोनवर एक वाक्य बोलता बोलता म्हटलं होतं, "टेस्टचा डेटा मी आधीच बाजूला ठेवलाय, बाबा, नाहीतर स्वतःलाच फसवल्यासारखं होतं." तिच्यासाठी ते साधं आहे, हात धुऊन जेवायला बसण्याइतकं. ते तसं साधं असतंच. अवघड होतं ते काहीतरी दुसरंच, आणि ते गणितातलं नव्हतं.

हिंगण्याची नोकरी लागली त्या आठवड्यात काका आमच्या घरी आले होते. रविवार होता, ऊन तापलेलं. पेढे आणले होते. बाबा आणि ते बाहेरच्या खोलीत बसले, मी आत चहा गाळत होतो. बाबांनी विचारलं, "दौलत, शेठनं तुले परत बोलावलं नाई का गा?"

"नाई ना. त्याच्या मनात नसन," काका म्हणाले. "पोरानं तं सांगतलंच असन."

मी चहा घेऊन बाहेर आलो. कप त्यांच्या हातात दिला. त्यांनी वर पाहिलं. विचारत नव्हते ते काही. त्यांना खात्रीच होती.

"हो काका," मी म्हणालो. "दोनदा सांगितलं होतं."

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि बाबांकडे वळून म्हणाले, "पोरगं चांगलं निंघालं गा तुहं."